डोक्याला गिरमिट

"काय म्हन्ते तुहा किडा?"

दर रविवारी बाबांचा हा प्रश्न ठरलेला. मी स्कॉटलंडात, ते नागपुरात, साल २००३. कॉलिंग कार्डावरचा चंदेरी पट्टा नाण्याने खरवडायचा, भलामोठा नंबर दाबायचा आणि वाट बघायची. आधी आई. जेवलीस का, स्वेटर घालतेस ना. मग रिसीव्हर बाबांकडे. त्यांना माझ्या जेवणात रस नव्हता आणि स्वेटरात तर नव्हताच. त्यांनी अख्खी नोकरी भंडारा-चंद्रपूरकडच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत काढली होती. गावोगावी त्यांची ओळख 'ढोराईचा डॉक्टर'. आपली पोरगी एवढा समुद्र ओलांडून गेली ती एका किड्यावर पीएचडी करायला, याचा त्यांना अभिमान किती होता ते माहीत नाही. गंमत मात्र फार वाटायची.

"किडा मजेत आहे," मी सांगायचे. "मीच मरतेय."

ते खरंही होतं. माझा किडा दर सहा तासांनी दुप्पट व्हायचा. शनिवार-रविवार, नाताळ, काही नाही. वेळेवर जाऊन पातळ केला नाही तर स्वतःच्याच गर्दीत मरून जायचा, आणि आठवड्याची मेहनत पाण्यात. लॅबमधली स्कॉटिश मुलं पबमध्ये बसली असताना मी गोठलेल्या रस्त्यावरून पाय जपत इन्क्युबेटरकडे निघालेली. बाबांना हे कळायचं. रात्री-अपरात्री अडलेली गाय सोडवायला त्यांनीही सायकल काढलेली होती.

किडा म्हणजे ट्रिपॅनोसोम. आफ्रिकेतल्या निद्रारोगाचा परजीवी, एका पेशीचा, मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा. 'ट्रिपॅनॉन' हे ग्रीकमध्ये सुताराच्या गिरमिटाचं नाव. १८४३ मध्ये ग्रुबी नावाच्या डॉक्टरने पॅरिसमध्ये बेडकाच्या रक्तात असलाच एक जीव पिळे घेत जाताना पाहिला आणि त्याला गिरमिटदेही असं नाव देऊन टाकलं. पहिल्या दिवशी माझ्या गाईडने काचेवर एक थेंब ठेवला आणि म्हणाले, बघ. लाल पेशी थाळीसारख्या स्वस्थ पडलेल्या, आणि त्यांच्यामधून काहीतरी वळवळत, पेशींना धक्के देत निघालंय. आधी हलणाऱ्या पेशी दिसतात, मग हलवणारा. मराठीत आपण 'डोक्याला गिरमिट लावू नकोस' म्हणतो ते मला तेव्हा आठवलं. हा गडी नेमकं तेच करतो. रक्तातून निघून शेवटी मेंदूत शिरतो.

त्सेत्से माशी चावते, नर आणि मादी दोघंही. आधी ताप येतो, जातो, पुन्हा येतो. अंग खाजतं, मानेमागच्या गाठी सुजतात. या गाठींची नोंद विंटरबॉटम नावाच्या डॉक्टरने सिएरा लिओनमध्ये केली आणि १८०३ मध्ये छापली. गुलामांच्या व्यापाऱ्यांना त्या आधीपासून ठाऊक होत्या. मान चाचपून ते माणूस नाकारत. पुढे परजीवी मेंदूत पोचला की खरा आजार सुरू होतो. त्याचं नाव तसं फसवं आहे. माणूस जास्त झोपतो असं नसतं. त्याची झोप उलटी होते. दुपारी बोलता बोलता, तोंडात घास असताना डोळे मिटतात आणि रात्रभर टक्क जागा. स्वभाव पालटतो, चिडतो, बरळतो, घरच्यांना ओळखेनासा होतो. अनेक गावांत याला आधी वेड समजलं जाई, करणी समजली जाई. मग गुंगी, आणि शेवट. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला गँबियन्स हा प्रकार यासाठी महिने नाही तर वर्षं घेतो. पूर्वेकडचा ऱ्होडेसियन्स काही आठवड्यांत काम उरकतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युगांडात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाने याची साथ आली आणि अडीच लाखांच्या आसपास माणसं गेली. लंडनहून रॉयल सोसायटीने शोधपथक पाठवलं. एंटेबेत कास्तेलानी या तरुण इटालियन डॉक्टरला रुग्णांच्या पाठीच्या मणक्यातल्या पाण्यात हे जीव दिसले, डेव्हिड ब्रूस यांनी धागा जुळवून माशीपर्यंत नेला, आणि मग श्रेय कुणाचं यावरून दोघांच्या बाजूने वर्षानुवर्षं पत्रापत्री चालली. लेक मेली त्या सरोवराच्या काठावरच्या आयांची, आणि हे भांडतायत पहिला कोण यावर. असो. परजीवीला नाव ब्रूसचं मिळालं: ट्रिपॅनोसोम ब्रुसेई. नागाना या गुरांच्या रोगामागे हाच जीव आहे हे त्यांनी त्याआधी, १८९५ च्या सुमारास, झुलूलँडमध्ये दाखवलं होतं. तिथे त्यांची बायको मेरी मायक्रोस्कोपवर त्यांच्या बरोबरीने बसायची. तिचं नाव कुठल्याही परजीवीला नाही.

मला या सगळ्यात सगळ्यात आवडतो तो १९१० सालचा एक आलेख. आपल्या सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधणारे रोनाल्ड रॉस तोवर लिव्हरपूलला गेले होते. तिथे ऱ्होडेशियाहून आलेला एक रुग्ण दाखल झाला. रॉस आणि त्यांचे सहकारी डेव्हिड थॉमसन यांनी त्याच्या रक्तातले ट्रिपॅनोसोम रोज मोजले. अक्षरशः मोजले, एकेक. वाढले, वाढले, धाडकन खाली आले, जवळजवळ दिसेनासे झाले, आणि आठवडाभरात पुन्हा वर. लाटेमागून लाट. तो माणूस वाचला नाही. पण त्या चढउताराने पुढच्या शंभर वर्षांच्या संशोधकांना कामाला लावलं, कारण त्यात एक कोडं होतं. शरीर शत्रूला ओळखतं, मारतं, जवळजवळ जिंकतं, आणि तरी हरतं. कसं?

उत्तराचा पहिला धागा १९६९ मध्ये कीथ व्हिकरमन यांना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसला: परजीवीच्या अंगभर एक जाड कोट. १९७५ मध्ये केंब्रिजला जॉर्ज क्रॉस यांनी दाखवलं की हा कोट एकाच प्रथिनाचा असतो, आणि दर लाटेतलं प्रथिन वेगळं. एका पेशीवर या प्रथिनाचे सुमारे एक कोटी रेणू दाटीवाटीने उभे असतात. (कोटाला कोटी. ही कोटी मी तीन वेगवेगळ्या मराठी मित्रांना ऐकवली, कुणी हसलं नाही.) आपलं शरीर या कोटाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि झुंडीच्या झुंडी मारतं. तेवढ्यात हजारात-लाखात एखाद्याने कोट बदललेला असतो. तो वाचतो, त्याची नवी झुंड होते. त्याच्या जनुकांच्या कपाटात असे दोन हजारांहून जास्त कोट टांगलेले आहेत. त्यातले बहुतेक फाटके, अर्धवट, निकामी. पण हा दोन-तीन फाटक्यांचे तुकडे जोडून नवा शिवतो. आणि एका वेळी अंगावर एकच.

माझ्या लहानपणी आमच्या तालुक्याच्या गावात बहुरूपी यायचा. पहिल्या दिवशी फौजदार, दुसऱ्या दिवशी पोस्टमन, मग बैरागी, मग बाळंतीण. फौजदार बनून त्याने आमच्या शेजारच्या काकांना सायकलला दिवा नाही म्हणून असं फैलावर घेतलं होतं की काका खिशात हात घालून मोकळे. दुसऱ्या दिवशी त्याला ओळखायचं ठरवून आम्ही पोरं चौकात उभी, आणि तो आमच्या शेजारून पत्रं वाटत निघून गेला. फौजदाराची वाट बघणाऱ्याला पोस्टमन दिसत नाही, एवढंच त्याचं तंत्र. सोंगं संपली की शेवटच्या दिवशी तो स्वतःच्या चेहऱ्याने बिदागी मागायला यायचा, आणि तोच ओळखू यायचा नाही.

ट्रिपॅनोसोमचाही असा एक शेवटचा दिवस असतो. रक्तात गर्दी झाली की काही परजीवी एकमेकांच्या खुणा ओळखून वाढ थांबवतात, आखूड-जाडे होतात आणि वाट बघत राहतात, माशीची. माशीच्या पोटात गेल्यावर ते हा कोट उतरवून ठेवतात. हे आखूड-जाडे माशीसाठी तयार झालेले असतात ही कल्पना मांडणाऱ्यांत म्युरिअल रॉबर्टसन होत्या. १९११ ते १९१४ त्या युगांडात एकट्या राहून माशा चिरत होत्या. माशीच्या आतड्यापासून लाळेपर्यंतचा परजीवीचा सगळा रस्ता त्यांनी काढला. त्या काळात, त्या मुलखात, एक बाई. आमच्या लॅबमध्ये भिंतीवर पुरुषांचेच फोटो होते, पण त्यांचे १९१३ चे निबंध गाईडच्या कपाटात होते आणि ते ती पानं अशी उलटायचे की जणू पोथी.

आता एक कबुली. आम्हाला हा परजीवी आवडायचा. नुसता रस नव्हता; जीव होता त्याच्यावर. त्याच्यात इतकं विचित्र काही भरलंय की दर दोन वर्षांनी नवं दार उघडतं. त्याच्या पेशीत एकच मायटोकॉन्ड्रिया, आणि त्यातला डीएनए हजारो छोट्या कड्या एकमेकींत अडकवलेला, चिलखताच्या जाळीसारखा. त्या डीएनएतून येणारे संदेश तो पुन्हा हाताने दुरुस्त करतो, अक्षरं घालतो, काढतो. १९८६ मध्ये आरएनएचं हे संपादन पहिल्यांदा त्याच्या कुळातच सापडलं. प्रथिनाला साखर-चरबीच्या दोरीने पेशीवर बांधून ठेवण्याची पद्धत आपल्या शरीरातही आहे, पण ती दोरी नेमकी कशी असते हे १९८८ मध्ये कळलं ते या कोटामुळे, कारण कोटीने रेणू दुसरीकडे मिळणार कुठे! साखर जाळायची चूल याने एका वेगळ्या कोठीत ठेवलीय. पाठ्यपुस्तकांतली पानंच्या पानं या एका गिरमिटाने लिहून घेतली. २००५ च्या जुलैमध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच छापून आला तेव्हा आम्ही केक कापला.

आणि तोवर मी निद्रारोगाचा एकही रुग्ण पाहिला नव्हता. आमच्या लॅबमधल्या बाराजणांपैकी दोघांनी पाहिले असतील. आमचा परजीवी साठ-पासष्टच्या सुमारास पूर्व आफ्रिकेतून आलेला, तेव्हापासून या फ्रीझरातून त्या फ्रीझरात, गोऱ्या देशांच्या नळ्यांत राहून माणसाळलेला. कोट बदलायचंही जवळजवळ विसरलेला. प्रबंधाच्या पहिल्या पानावर आम्ही सगळे एकच वाक्य लिहायचो, की या रोगाचा सहा कोटी लोकांना धोका आहे आणि उपलब्ध औषधं विषारी आहेत. मग दोनशे पानं त्या लोकांचा उल्लेख नाही.

ती औषधं किती विषारी, हे मला एका परिषदेत जेवणाच्या रांगेत कळलं. माझ्यापुढे काँगोतून आलेले एक डॉक्टर होते, वयाने बाबांच्या जवळपासचे. मी माझं पोस्टर, माझी प्रथिनं वगैरे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी मेलार्सोप्रॉलचं सांगितलं. १९४९ साली आलेलं हे आर्सेनिकचं, म्हणजे सोमलाचं औषध. पाण्यात विरघळत नाही म्हणून प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये. प्लास्टिकची सिरिंज खातं, म्हणून काचेची लागते. शिरेत जाताना रुग्णाला निखारा फिरल्यासारखं वाटतं. आणि शंभरातले पाचजण रोगाने नव्हे, औषधाने जातात, मेंदू सुजून. दर वेळी इंजेक्शन भरताना हात थांबायचा, कारण समोरच्या वीसातला एक आपल्या हाताने जाणार हे ठरलेलं, आणि नाही दिलं तर वीसचे वीस. एवढं सांगून ते भाताकडे वळले. माझ्या ताटात काय होतं ते आठवत नाही.

सोमलाची ही घराणेशाही जुनी. रॉबर्ट कोख १९०६ मध्ये व्हिक्टोरिया सरोवरातल्या सेसे बेटांवर अ‍ॅटॉक्सिल हे सोमलाचंच औषध घेऊन गेले, मात्रा वाढवली, रुग्ण आंधळे झाले. कॅमेरूनमध्ये युजीन जामो यांनी गावोगाव फिरणारी पथकं उभी केली. प्रत्येक माणसाची मान चाचपायची, रक्त बघायचं, तिथेच टोचायचं. आजही मोहीम त्याच रचनेवर चालते. पण त्यांच्याच पथकातल्या एका डॉक्टरने ट्रिपार्सामाइड या सोमलाच्याच औषधाची मात्रा वाढवली आणि सातशेच्या आसपास माणसांची दृष्टी गेली. जामोंची कारकीर्द त्यात बुडाली. सातशेंचं पुढे काय झालं, याबद्दल इतिहासाला फारसं काही म्हणायचं नाही.

आणि एफ्लॉर्निथिन. हे आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. कॅन्सरसाठी शोधलेलं, तिथे चाललं नाही, निद्रारोगात मात्र बेशुद्ध माणूस उठून बसायचा. डॉक्टर त्याला पुनरुत्थानाचं औषध म्हणत. १९९० मध्ये मान्यता मिळाली. १९९५ मध्ये उत्पादन बंद. घेणाऱ्याकडे पैसे नाहीत, मग बनवायचं कुणासाठी? २००० मध्ये तेच द्रव्य पुन्हा बाजारात आलं. बायकांच्या चेहऱ्यावरची लव कमी करणारं क्रीम म्हणून. मग डॉक्टरांच्या संघटनांनी आरडाओरडा केला, आणि २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेशी करार होऊन ते रुग्णांना फुकट मिळू लागलं. कुणाच्या ओठांवरची लव आडवी आली म्हणून हजारो माणसं वाचली, असंही कुणी म्हणेल. मला ते जमत नाही.

बाबांना हे मी फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. कार्डावरची मिनिटं संपत होती. मग म्हणाले, "ढोराईच्या औषधाचंही असंच असते."

माझ्या कामाचा एक तुकडा असा होता: परजीवी असलेल्या माध्यमात माणसाच्या रक्ताचं सीरम घालायचं आणि बघत बसायचं. तासाभरात परजीवीच्या पोटात एक फुगा दिसू लागतो. फुगत जातो, तेलातल्या पुरीसारखा टम्म. मग वळवळ मंदावते आणि गिरमिट फुटतं. ब्रुसेईचा फक्त गुरांना मारणारा हा प्रकार माणसाच्या रक्तात जगू शकत नाही, हे फ्रान्समध्ये लावराँ यांच्या लक्षात १९०२ मध्येच आलं होतं. कशामुळे, हे कळायला शंभर वर्षं गेली. ब्रसेल्सच्या एतिएन पेस यांच्या गटाने २००३ मध्ये, माझ्या पहिल्याच वर्षात, ते प्रथिन पक्कं केलं: अ‍ॅपोएल-वन. चरबीच्या कणांवर बसून ते रक्तात फिरतं, परजीवी त्याला खाऊ समजून गिळतो, आणि ते आतून भोकं पाडतं. माणसाला होणाऱ्या दोन प्रकारांनी यावर आपापली तोड काढली आहे. ऱ्होडेसियन्सकडे तर त्यासाठी कोटाच्याच एका जुन्या जनुकापासून बनलेलं प्रथिन आहे, जे या अ‍ॅपोएल-वनला धरून ठेवतं. आफ्रिकेतल्या काही माणसांत मग त्या पकडीतून निसटणारं अ‍ॅपोएल-वन तयार झालं. त्याची किंमत २०१० मध्ये कळली. तोच बदल दोन्हीकडून आलेल्या आफ्रिकन अमेरिकनांत मूत्रपिंडं निकामी होण्याचं प्रमाण जास्त आहे. आजोळ सोडून पिढ्या झाल्या, माशी मागे राहिली, ढाल अजून आतून कापतेय.

हे सगळं मी आफ्रिकेचं म्हणून शिकत होते. आणि एका रविवारी बाबा किड्याची चौकशी न करताच म्हणाले, "चंद्रपुरात एका मानसाले सर्रा झाला म्हन्ते."

मी म्हटलं, शक्य नाही. सर्रा माणसाला होत नाही.

"तेच तर म्हन्तो मी."

सर्रा म्हणजे ट्रिपॅनोसोम इव्हान्सी. घोडे, उंट, बैल, म्हशी. ताप चढतो-उतरतो, जनावर झडत जातं, पाय सुजतात. ग्रिफिथ इव्हान्स या वेल्श पशुवैद्याने १८८० मध्ये डेरा इस्माईल खान इथे लष्कराच्या घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात हा जीव पाहिला. ट्रिपॅनोसोम हा रोगाचं कारण असू शकतो असं म्हणणारा तो पहिला. वरिष्ठांना पटलं नाही. म्हातारा शंभर वर्षं जगला, त्यामुळे स्वतः बरोबर ठरल्याचं बघून गेला. इंग्रजी शब्दकोश 'सर्रा' या शब्दाचं मूळ मराठीत दाखवतात, घरघरीच्या अर्थाने. बाबांना सांगितलं तर म्हणाले, आपलाच शब्द आपल्याले परत पाठवून राह्यले.

गंमत अशी की बाबांचा किडा आणि माझा किडा भाऊच. चुलत म्हणावं तर तेवढंही अंतर नाही. ब्रुसेईच्याच एका शाखेने कधीतरी आपल्या त्या चिलखती डीएनएतला मोठा भाग टाकून दिला. तो नसला की त्सेत्सेच्या पोटात वाढता येत नाही. मग त्याने त्सेत्सेवाचूनच भागवलं: गोमाशी एका जनावराला चावते, तोंडाला रक्त लागलेलं असतानाच दुसऱ्याला, बस्स. त्सेत्सेच्या मुलखात अडकून राहायचं कारणच उरलं नाही. उंट-घोड्यांबरोबर तो आशियाभर आणि पुढे दक्षिण अमेरिकेपर्यंत गेला. ओझं टाकलं म्हणून जग फिरला.

चंद्रपूरच्या त्या शेतकऱ्याची गोष्ट खरी होती. २००४ साल. येणारा-जाणारा ताप, रक्ताच्या काचेवर दिसलेलं गिरमिट, नागपूरच्या डॉक्टरांनी केलेलं निदान. ट्रिपॅनोसोम इव्हान्सी माणसात खात्रीने दाखवणारी ही जगातली पहिली नोंद, २००५ मध्ये छापून आली. सुरामिन हे जुनं जर्मन औषध जागतिक आरोग्य संघटनेमार्फत आलं. परजीवी मेंदूपर्यंत पोचला नव्हता. माणूस बरा झाला. मग त्याच्या रक्ताचा नमुना ब्रसेल्सला, पेस यांच्या गटाकडे गेला, आणि २००६ मध्ये उत्तर आलं: या माणसात अ‍ॅपोएल-वन नाहीच. आईकडून आलेली प्रत बिघडलेली, वडिलांकडून आलेलीही बिघडलेली, आणि एरवी प्रकृती ठणठणीत. त्याच्या सीरममध्ये ते प्रथिन बाहेरून घातलं की परजीवी फुटायला लागत.

तो निबंध मी लॅबमध्ये उभ्या उभ्या वाचला. माझ्या टेबलावर बाटलीबंद मानवी सीरम होतं, ज्यात मी तीन वर्षं पुऱ्या तळत होते. आणि जो प्रश्न आम्ही नळ्यांत घोटत बसलो होतो त्याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा एका माणसाने ताप अंगावर काढत दिला होता, माझ्या बाबांच्या बदलीच्या तालुक्यांपासून फार दूर नाही. त्याला ताप आला तेव्हा त्याने काय काय केलं असेल याची मला कल्पना आहे. गावातल्या डॉक्टरची सुई, सलाईन, मग देवऋषी, मग उसने पैसे घेऊन तालुक्याला. निबंधात हे नसतं, आणि तिथे ते असायला हवं असंही नाही. पण मला ते दिसत होतं. पहिल्यांदाच निबंधातला रुग्ण मला चेहऱ्यासकट दिसत होता.

त्यानंतर मी एक पोस्टडॉक केला आणि परत आले. आता नागपुरातच एका कॉलेजात शिकवते. फ्रीझर नाही, परजीवी नाही. दुरून बघते.

दुरून जे दिसतं ते फार चांगलं आहे. १९९८ मध्ये निद्रारोगाचे जवळपास अडतीस हजार रुग्ण नोंदले गेले होते आणि न सापडलेले तीन लाख असावेत असा अंदाज होता. २००९ मध्ये आकडा दहा हजारांच्या खाली आला, २०१८ पासून वर्षाला हजाराच्याही खाली आहे. हे जनुकसंचाने झालं नाही. जामोंच्या जातीच्या पथकांनी झालं. मोटारसायकली, होड्या, बॅटरीवरचे मायक्रोस्कोप, बोटातून रक्ताचा थेंब घेऊन कार्डावरची तपासणी, आणि निळ्या कापडाचे माशीसाठीचे सापळे, कारण त्सेत्सेला निळा रंग आवडतो. २००३ मध्ये दुर्लक्षित रोगांवर औषधं शोधणारी डीएनडीआय नावाची ना-नफा संस्था निघाली. संस्थापकांत आपली आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदही होती. त्यांनी धूळ खात पडलेल्या जुन्या संयुगांतून फेक्सिनिडाझोल शोधून काढलं. दहा दिवस गोळ्या, जेवणाबरोबर. सुई नाही, सोमल नाही. २०१८ च्या अखेरीस काँगोत परवानगी मिळाली. त्यामागून आलेल्या अ‍ॅकोझिबोरोलच्या चाचण्यांत एकदाच घ्यायच्या तीन गोळ्यांनी शंभरातले पंचाण्णव बरे झाले. टोगो, युगांडा, घाना, चाड, एकेक देश यादीतून बाहेर पडतोय. रांगेतले ते काँगोचे डॉक्टर आता कुठे असतील माहीत नाही. काचेच्या सिरिंजांचं त्यांनी काय केलं, हे विचारायला आवडलं असतं.

मागच्या दिवाळीत बाबा रात्री ओट्यावर बसलेले. वय एक्याऐंशी. रात्री झोप येत नाही, दुपारी पेपर वाचता वाचता मान कलते. मी पाणी प्यायला उठले तर म्हणाले, "मले चावली वाटते तुही माशी."

मी शेजारी बसले आणि आकडे सांगितले. हजाराच्या आत. २०३० पर्यंत गँबियन्सचा माणसातला फैलावच थांबवायचा बेत आहे.

"मानसातून जाईन. ढोरातून?"

हा प्रश्न आज खरोखर टेबलावर आहे. डुकरांत आणि इतर जनावरांत गँबियन्स सापडतो. ते नुसते पाहुणे की खरे कोठार, यावर वाद चालू आहेत. २०१६ मध्ये तर असं दिसलं की परजीवी रक्तात न सापडताही कातडीत दडून राहतो, माशीच्या सोंडेला अगदी हाताशी. ज्याला काहीच होत नाही अशा माणसाच्या कातडीतही. हे सगळं मी सांगितलं. ते अंधारात बघत ऐकत होते.

"म्हन्जे आहे," ते म्हणाले.

मग थोड्या वेळाने: "पलीकडच्या गोठ्यात म्हैस आहे एक. चार दिस ताप, मंग चांगली, मंग पुन्हा ताप. मले बलावलं होतं पाहाले. म्या म्हटलं, आधी रगत पाहू." आणि माझ्याकडे वळून, "तुह्या कॉलेजातला मायक्रोस्कोप दोन दिस घरी आनता येते काय?"

सुट्टी होती. चावी शिपायाकडे. मी त्याचा नंबर शोधायला आत गेले. काचांचा डबा तेवढा घरातच होता.